गेम आवडला, पण अंगठा खाली दिला

'आक्का, आम्ही पाच मित्र, शाळेपासूनचे गेमवेडे. दोन वर्षं वाट बघून एक गेम पगारातनं घेतला. पहिल्याच रात्री ग्रुपवर ठरलं, गेम भंगार. मला आवडला होता. पण बोललो तर 'कंपनीचा चमचा' म्हणतील, म्हणून साठ तास खेळूनही स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या साइटवर, मी चार शिव्या घालून अंगठा खाली दिला. आता एकजण गेम बनवणाऱ्यांना जिवे मारायच्या धमक्या पाठवतोय, बाकीचे हसतायत. मी गप्प. खेळायला बसलो तरी मजा येत नाही. – एक गेमर, राजारामपुरी'

अरे लेका, स्टीमवर शिव्यांच्या डोक्यावरच तू किती तास खेळलास ते दिसतं की! गेम भंगार, आणि तास साठ? वाचणारा काय समजायचं ते समजला असणार.

बरं, तिथं अंगठे दोनच, वर नाहीतर खाली. 'सुरुवात रटाळ आहे, पुढं रंगतो' म्हणणाऱ्यालाही एक बाजू धरावी लागते. ग्रुपवर तर 'ठीक आहे' लिहिणाऱ्याला कुणी उत्तरसुद्धा देत नाही, शिवी घातली की धडाधड इमोजी पडतात. मग पोरं इमोजीसाठी बोलतात, गेमचं कुणाला पडलंय? आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी हे फुटबॉलचे संघ समोरासमोर आले की शहाणीसुरती माणसंही घसा बसेपर्यंत ओरडतात, ते मला कळतं. तिथं पेठ आपली, खेळणारी पोरं आपली. तुम्ही नेमकी कुठली पेठ राखताय?

रागावूच नका, असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' हा गेम आला, तो जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवर, धड चालेना. आठवड्याभरात सोनीनं आपल्या ऑनलाइन दुकानातनं काढला, लोकांना पैसे परत दिले. पैसे मोजलेत तर बोंब मारायचीच. कुठं अडकतो, कुठं बंद पडतो, ते लिहायचं. तो गेम पुढं दुरुस्त झाला तो अशा तक्रारींनी, आयमाय काढून नव्हे.

धमकीचं मात्र वेगळं. त्याच वर्षी 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' या गेममधल्या ॲबीचं काम करणाऱ्या लॉरा बेली या नटीला जिवे मारायच्या धमक्या आल्या. का, तर ॲबी गोष्टीत जे करते ते लोकांना पटलं नाही. गोष्ट काय तिनं लिहिली होती? तुझ्या मित्राला हे सांग, आणि भारतीय न्याय संहितेत धमकीला कलम ३५१ आहे हेही सांग. ग्रुपवर नको, चार जण बघतायत म्हटल्यावर तो आणखी चढेल. एकट्याला रंकाळ्यावर ने, भेळ खायला घाल आणि तोंडावर सांग. हसणाऱ्या तिघांपैकी एखाद्याला तरी तुझ्यासारखंच वाटत असणार, असा माझा अंदाज आहे.

त्याआधी एक काम. स्टीमवरचं मत बदलता येतं. आज रात्री शिव्या पूस, गेममध्ये काय आवडलं, काय खटकलं ते लिही आणि अंगठा वर कर. चमचा म्हणतीलच, म्हणू देत. पुढचा गेम आला की त्यांना दुसरा कुणीतरी चमचा सापडेल. आणि एवढं बोलूनही धमक्या थांबल्या नाहीत, तर तू त्या ग्रुपमधनं बाहेर पड. बाकीच्यांना का ते सांगून बाहेर पड, गुपचूप नको.

– आक्का