चिल्ड वॉटर लाइनमध्ये नायट्राइट टाकण्याआधी

भाऊ, बुटीबोरीच्या प्लांटमधली बंद चिल्ड वॉटर लाइन (तेच थंड पाणी फिरवत ठेवणारी पाइपलाइन) कार्बन स्टीलची असेल तर गंज रोखायला सोडियम नायट्राइट उत्तम काम करतं, पण अर्धवट डोस देऊ नका. नायट्राइट स्टीलवर ऑक्साइडचा पातळ थर धरून ठेवतं. प्रमाण कमी पडलं की तो थर जागोजागी तुटतो आणि सगळा गंज त्या उघड्या ठिपक्यांवर एकवटतो. मग पाइप सगळीकडून सारखा झिजत नाही, थेट आरपार छिद्र पडतं.

नायट्राइट 700 ते 1000 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) ठेवा, पीएच 9 च्या आसपास. 10 घनमीटर पाण्यात 1000 पीपीएम हवं तर सोडियम नायट्राइट 15 किलो लागतं, 10 नव्हे, कारण सोडियमचंही वजन त्यात असतं. नवखे इथेच चुकतात. त्याआधी लाइन फ्लश करून तेल आणि मिल स्केल (नव्या स्टीलवरची ऑक्साइडची खपली) काढा, घाणीखाली रसायन पोचतच नाही.

मेकअप लाइनवर, म्हणजे कमी झालेलं पाणी भरून काढणाऱ्या लाइनवर, मीटर बसवाच. उन्हाळ्यात बोअरचं पाणी भरायची वेळ आली तर क्लोराइड तपासा. ते जास्त असेल तर नायट्राइटही वाढवावं लागतं. मेकअप वाढलेला नसताना नायट्राइट घसरत असेल, तर बहुधा जिवाणू त्याचं नायट्रेट करताहेत. तेव्हा क्लोरीन ओतू नका, तेही नायट्राइट खातं. ग्लुटाराल्डिहाइड हे जंतुनाशक वापरा. तांब्याच्या कॉइल असतील तर टॉलिलट्रायझोल (तांब्याला गंजण्यापासून वाचवणारं रसायन) सोबत हवंच.

आणि सोडियम नायट्राइट दिसायला मिठासारखं, पण विषारी आहे. डब्यावर नाव ठळक लिहा, कँटीनजवळ ठेवू नका.