अली की टायसन? आधी रेफरी कोण ते सांगा

बॉक्सिंगच्या रिंगमध्ये ऐन भरातला मुहम्मद अली आणि ऐन भरातला माइक टायसन समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं, आणि एकही लढत न हरलेल्या रॉकी मार्सियानोचं नाव या चर्चेत मागे का पडतं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर अली, दहाव्या-अकराव्या फेरीच्या आसपास. मात्र पैज लावायची वेळ आली तर मी आधी रेफरी कोण आहे ते विचारीन.

ऐन भर म्हणजे नेमका कधीचा, तेही ठरवून टाकू. अलीचा १९६६-६७ चा. १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनला लोळवणारा अली जास्त प्रसिद्ध आहे, पण साडेतीन वर्षं रिंगबाहेर काढल्यावर त्याचे पाय पहिल्यासारखे राहिले नव्हते. म्हणून तर तो दोरांना टेकून मार खात राहिला. टायसनचा भर म्हणजे जून १९८८, मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं तेव्हाचा. त्याच वर्षी त्याने प्रशिक्षक केव्हिन रूनीला काढलं आणि डोक्याची ती अखंड हालचाल हळूहळू कमी होत गेली.

या वादात लोक हटकून एकेका लढतीची चित्रफीत पुढे करतात. टायसनवाले स्पिंक्सची, अलीवाले नोव्हेंबर १९६६ ची क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्धची. विल्यम्सची लढत डोळ्यांचं पारणं फेडते, पण त्याआधी दोन वर्षं पोलिसाच्या गोळीने तो मरता मरता वाचला होता. स्पिंक्स मुळात खालच्या वजनगटातून वर आलेला, आणि रिंगमध्ये पाऊल टाकतानाच त्याच्या चेहऱ्यावर निकाल दिसत होता. दोन्ही लढतींवरून फार काही सिद्ध होत नाही. 'टायसनने लॅरी होम्सला चौथ्या फेरीत झोपवलं, मग अलीलाही झोपवलं असतं' हा युक्तिवाद तर सोडूनच द्या. होम्स तेव्हा ३८ वर्षांचा होता आणि निवृत्तीतून परत आला होता. शिवाय या खेळात अशी बेरीज-वजाबाकी चालत नाही. केन नॉर्टनने १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला, फोरमनने नॉर्टनला दोन फेऱ्यांत उडवलं आणि अलीने फोरमनला. लावा गणित!

टायसनच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डावा हुक, म्हणजे हात वाकवून बाजूने मारलेला ठोसा. अली हात खाली ठेवून, मान मागे झुकवून ठोसे चुकवायचा. पुस्तकात हे चूकच धरलं जातं. १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरने त्याला चौथ्या फेरीच्या शेवटी डाव्या हुकनेच पाडलं. १९७१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर जो फ्रेझियरने पंधराव्या फेरीत पाडलं तेही डाव्या हुकनेच. फ्रेझियर खालून डोलत यायचा, टायसनही तसाच यायचा, फक्त त्याहून वेगाने आणि दोन्ही हातांत दम घेऊन. पहिल्या चार फेऱ्यांत अली एकदा तरी खाली बसणार, हे मी धरूनच चालतो. पण कूपरच्या वेळीही तो उठला आणि फ्रेझियरच्या वेळीही.

आता उलट बाजू. टायसन ५ फूट १० इंच, अली ६ फूट ३. हातांचा पल्ला टायसनचा ७१ इंच, अलीचा ७८. टोकियोत १९९० मध्ये बस्टर डग्लसने लांब हातांचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, सतत तोंडावर ठेवून टायसनला दहाव्या फेरीत बाद केलं. तो टायसन उतरणीला लागलेला होता हे मान्य, पण कोडं कसं सुटतं ते त्याने दाखवलं.

माझ्या मते खरा निकाल मात्र मिठीत लागतो. प्रतिस्पर्धी जवळ आला की अली डावा तळवा त्याच्या मानेमागे टाकायचा आणि डोकं खाली ओढून धरायचा. असं धरलं की खालून उसळी घेणाऱ्या बॉक्सरचे पायच अडकतात; हुक मारायला जागाही उरत नाही आणि जोरही. वर अलीचं वजन मानेवर. जानेवारी १९७४ च्या दुसऱ्या लढतीत त्याने फ्रेझियरला असंच बांधून ठेवलं आणि रेफरी बघत राहिला. मनिलात, १९७५ साली, फ्रेझियरचे प्रशिक्षक एडी फच आधीच यावर अडून बसले. रेफरी कार्लोस पडिया अलीचा हात झटकून काढत होता, आणि ती लढत दोघांनाही जवळजवळ संपवून गेली.

टायसनला मिठी कधीच मानवली नाही. मार्च १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथ बारा फेऱ्या त्याला नुसता चिकटून होता. रेफरी मिल्स लेनने स्मिथचे गुणही कापले, टायसन गुणांवर आरामात जिंकला, पण त्याला पाडू शकला नाही. स्मिथ फक्त जीव वाचवत होता. अलीने मिठी सोडवताना जॅबही मारला असता, कानात चार शब्दही सुनावले असते. टायसन अशा वेळी वैतागतो, आणि वैतागला की एकेक ठोसा मारायला लागतो. म्हणून १९७४ सारखा रेफरी असेल तर अली निवांत. पडियासारखा असेल तर मी पैसे खिशातच ठेवीन.

राहिला मार्सियानो. ४९ लढती, ४९ विजय. पण वजन साधारण १८५ पौंड, आणि हात टायसनहूनही आखूड. १९६९ मध्ये त्याची आणि अलीची 'संगणकाने ठरवलेली' लढत चित्रित झाली. निवृत्त मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवलं, केसांचा टोप घातला. पण लढत पडद्यावर येण्याआधीच तो विमान अपघातात गेला. अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत तो तेराव्या फेरीत जिंकतो, युरोपातल्या आवृत्तीत अली. संगणकाची विश्वासार्हता यावरून ओळखा.

आज तो २०० पौंडांपर्यंतच्या क्रूझरवेट गटात लढला असता आणि तिथे बहुतेकांना पुरून उरला असता. हेवीवेटमध्ये मी त्याला अलीसमोर नऊ-दहा फेऱ्या देतो, मग त्याची भुवई फाटून लढत थांबते. अर्थात क्रूझरवेटमधूनच वर आलेल्या युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने २०२४ मध्ये ६ फूट ९ इंचांच्या टायसन फ्युरीला दोनदा हरवलं, तेव्हा निव्वळ आकारावर मी फार जोर देणार नाही. पण उसिक डावखुरा, पायांनी लढणारा, स्वतः ६ फूट ३. मार्सियानोला आत घुसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि आत घुसलं की पुन्हा तोच मानेवरचा तळवा.