चिनी मोटारसायकल आणि कार कंपन्या एवढ्या झपाट्यानं कशा वाढल्या? नक्कल आणि सरकारी पैसा, एवढंच कारण आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहात. ज्या चिनी गाड्यांना पूर्वी कुणी हिंग लावून विचारत नव्हतं त्या आज जगभर कशा विकल्या जातात, हे तुम्हाला समजून घ्यायचंय. नक्कल झाली हे खरं आहे. सरकारनं पैसा ओतला हेही खरं आहे. पण ही दोन्ही औषधं इतर बऱ्याच देशांनी घेऊन पाहिली आणि त्यांना गुण आला नाही. चीनमध्ये तो आला, कारण तिथे आधी सुटे भाग करणारे हजारो छोटे कारखाने उभे राहिले आणि गाड्यांचे ब्रँड त्यांच्या खांद्यावर नंतर चढले. मी भोसरी एमआयडीसीत सव्वीस वर्षं मशीनिंगचं वर्कशॉप चालवतो, दुचाकीचे आणि आता थोडे कारचे पार्ट करतो. त्यामुळे माझी नजर आधी व्हेंडरकडे, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्याकडे जाते, हे मान्य करूनच पुढचं लिहितो.

सुरुवात मोटारसायकलपासूनच करायला हवी, आणि मोटारसायकल म्हणजे चोंगचिंग. नैऋत्य चीनमधलं हे डोंगरउतारावरचं शहर जपानविरुद्धच्या युद्धात देशाची तात्पुरती राजधानी होतं, म्हणून शस्त्रास्त्रांचे कारखाने तिथे हलवले गेले. १९७० चं दशक संपताना बंदुका-दारूगोळ्याच्या ऑर्डरी आटल्या. कामगार होते, लेथ होते, काम नव्हतं. तेव्हा जियालिंग या कारखान्यानं १९७९ मध्ये मोटारसायकल करायला घेतली. पुढे जियालिंगनं होंडाशी आणि जियानशेनं यामाहाशी तांत्रिक सहकार्य केलं. या दोन सरकारी कारखान्यांना माल पुरवण्यासाठी आसपास छोटे पुरवठादार तयार झाले. त्या वेळी त्याचं महत्त्व फारसं कुणाच्या लक्षात आलं नसावं.

१९९२ मध्ये यिन मिंगशान नावाचे गृहस्थ या धंद्यात उतरले. वय ५४. तरुणपणी राजकीय कारणांसाठी तुरुंगवास आणि सक्तमजुरी भोगलेले, मधल्या काळात पुस्तकांचा व्यापार केलेले. नऊ माणसं घेऊन त्यांनी सुरुवात केली. सरकारी कारखान्याच्या इंजिनाचे भाग दुरुस्तीसाठी म्हणून बाजारात सुटे मिळत होते. ते गोळा करायचे, जोडायचे आणि अख्खं इंजिन विकायचं. यातून लिफान कंपनी उभी राहिली. त्याच सुमारास झुओ झोंगशेन या मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या माणसानं झोंगशेन कंपनी काढली. यापैकी कुणाकडेही डिझाइन विभाग नव्हता. सुटे भाग हाताशी होते, एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांनी सुरुवात केली.

नक्कल झाली ती मुख्यतः होंडाच्या सीजी १२५ ची. ही गाडी होंडानं १९७० च्या दशकात विकसनशील देशांसाठी बनवली होती. व्हॉल्व्ह हलवायला टायमिंग चेनऐवजी पुशरॉड म्हणजे साध्या दांड्या, कमी नाजूक भाग, गावातल्या मेकॅनिकला उघडता येईल असं इंजिन. चोंगचिंगमध्ये जो तो हेच इंजिन करू लागल्यावर एक वेगळीच गोष्ट घडली. एका कंपनीचा सिलिंडर दुसरीच्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर, बसू लागला. माप सर्वांचं एकच झालं. मग जोडणी करणारी कंपनी व्हेंडरला पूर्ण ड्रॉइंग देईनाशी झाली. वजन एवढं, किंमत एवढी, इथे इथे बसलं पाहिजे, बाकी तुम्ही आपसात ठरवा. कार्ब्युरेटरवाला आणि सायलेन्सरवाला एकत्र बसून जुळवून घ्यायचे. आपल्याकडे ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये एक रेडियस बदलायचा तरी मंजुरीसाठी ईमेलवर ईमेल जातात, म्हणून मला ही पद्धत फार मोठी वाटते.

२०११ मध्ये एका मशीनच्या खरेदीसाठी मी तिकडे गेलो होतो, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. एका गल्लीत एक जण फक्त क्लच प्लेट करायचा, शेजारचा फक्त किक लीव्हर, त्याच्या समोर हीट ट्रीटमेंटची भट्टी. एकाची डाय तुटली तर तो शेजाऱ्याकडे जाऊन दुपारपर्यंत दुरुस्त करून आणायचा. भोसरीतही अशा गल्ल्या आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे, पण तिथली दाटी वेगळीच होती.

आता वाईट बाजू, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. २००० च्या आसपास चिनी मोटारसायकली व्हिएतनाममध्ये लोंढ्यानं आल्या. किंमत होंडाच्या साधारण एक तृतीयांश. होंडाचा बाजारातला वाटा कोसळला. मग चिनी कंपन्या एकमेकींच्या किमती पाडू लागल्या. किंमत कमी करायची म्हणजे शेवटी पोलाद पातळ करायचं, हार्डनिंगची, म्हणजे तापवून धातू कडक करण्याची वेळ कमी करायची. सर्व्हिसचं जाळंही त्यांनी उभं केलं नव्हतं. इकडे होंडानं काय केलं? चीनमधल्याच व्हेंडरकडून भाग घेऊन २००२ मध्ये वेव्ह अल्फा ही गाडी आपल्या आधीच्या गाड्यांच्या साधारण निम्म्या किमतीत आणली. चीनमध्ये तर त्याआधीच, २००१ मध्ये, होंडानं आपल्या गाड्यांची नक्कल करणाऱ्या सुंदिरो या कंपनीशीच भागीदारी केली होती. काही वर्षांत व्हिएतनामचा बाजार पुन्हा होंडाच्या हातात गेला. चिनी ब्रँड हरले, पण चिनी व्हेंडर हरले नाहीत. ते होंडाच्या गाडीत बसून व्हिएतनामला पोचले.

त्या काळातलं एक इंजिन मी स्वतः उघडलंय. २००८ च्या सुमारास एका निर्यातदार ग्राहकानं पश्चिम आफ्रिकेतून आणलेलं १२५ सीसीचं चिनी इंजिन आमच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, यापेक्षा चांगलं आणि याच भावात जमेल का? बेअरिंग बसतं तिथे आणि गॅस्केट बसतं तिथे माप अगदी चोख होतं. बाकीचा पृष्ठभाग कास्टिंगमधून निघाला तसाच सोडलेला. आम्ही केवळ दिसायला बरं म्हणून जिथे मशीनिंग करायचो तिथे त्यांनी टूल लावलंच नव्हतं. खर्च कुठे करायचा हे त्यांना कळलं होतं. पण गिअरचे दात पाहिले तर झिजून गेलेले, हार्डनेस तपासला तर कमी. खर्च कुठे वाचवायचा नाही, हे कळायचं अजून बाकी होतं.

ते त्यांना परदेशी ग्राहकांनी शिकवलं. घरच्या बाजारात अडचण होतीच. बीजिंगनं १९८५ पासूनच शहरातल्या नव्या नोंदणीवर मर्यादा आणल्या होत्या, ग्वांगझौनं २००७ मध्ये शहरात मोटारसायकलवर बंदीच घातली, आणि अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. लोक विजेच्या सायकलींकडे वळले. ज्या मोटारसायकल कंपन्या टिकल्या त्यांनी वरचा दर्जा गाठला. लॉन्सिन ही कंपनी बीएमडब्ल्यूसाठी इंजिनं आणि पुढे स्कूटर बनवू लागली. हांगझौच्या सीएफमोटोनं केटीएमशी भागीदारी करून तिच्या मोठ्या इंजिनाच्या गाड्या बनवायला घेतल्या. पुणेकरांना हे नातं ओळखीचं वाटेल, कारण बजाजनं २००७ मध्ये केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि छोट्या ड्यूक चाकणहून जगभर जाऊ लागल्या. म्हणजे एकाच ऑस्ट्रियन कंपनीच्या शाळेत चाकण आणि हांगझौ शेजारी बसले.

कारचं मूळही व्हेंडरमध्येच सापडतं. शांघायमध्ये फोक्सवॅगनची सँटाना जोडली जाऊ लागली तेव्हा तिच्यात चिनी म्हणावं असं टायर, रेडिओ, एरियल एवढंच होतं. १९८८ नंतर, झू रोंगजी शांघायचे महापौर असताना, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सँटानामागे ठरावीक रक्कम बाजूला काढून सुटे भाग करणाऱ्यांसाठी निधी उभारला गेला. अट एकच: पार्ट जर्मन कसोटीला उतरला पाहिजे. पुढच्या दहा वर्षांत सँटानाचे बहुतेक भाग चीनमध्येच होऊ लागले. सरकारी पैशाबद्दल बोलायचं तर मला हा पैसा सर्वांत मोलाचा वाटतो. नंतर वाटलेल्या अनुदानापेक्षाही.

याच तयार भागांवर खासगी माणसं कारच्या धंद्यात घुसली. ली शुफू हे झेजियांगमधले उद्योजक आधी फ्रिजचे भाग आणि मग मोटारसायकली करत होते. कारचा परवाना मिळेना, म्हणून त्यांनी सिचुआनमधल्या तुरुंगाच्या ताब्यातल्या एका वाहन कारखान्याशी भागीदारी केली आणि १९९८ मध्ये पहिली जीली कार बाहेर काढली. शियाली या तेव्हाच्या लोकप्रिय छोट्या कारचे भाग बाजारात मिळत होते, त्यांवरच ती बेतलेली होती. बारा वर्षांनी, २०१० मध्ये, याच जीलीनं फोर्डकडून व्होल्वो कार विकत घेतली.

बीवायडीची गोष्ट मला सर्वांत जवळची, कारण ही कंपनी मुळात व्हेंडरच. वांग चुआनफू यांनी १९९५ मध्ये शेनझेनला मोबाइलच्या बॅटऱ्या करायला सुरुवात केली. जपानी कंपन्यांसारखी स्वयंचलित लाइन घ्यायला पैसे नव्हते. मग त्यांनी प्रक्रियेचे छोटे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्यासाठी भाग जागेवर धरून ठेवणारं साधं जिग-फिक्स्चर बनवलं आणि त्यावर माणसं बसवली. मोटोरोला, नोकिया हे त्यांचे ग्राहक झाले. २००३ मध्ये त्यांनी एक डबघाईला आलेली कार कंपनी विकत घेतली तेव्हा गुंतवणूकदार घाबरले आणि शेअर घसरला. त्यांची एफ३ ही कार टोयोटाच्या कोरोलासारखीच दिसायची. पण बॅटरी त्यांची स्वतःची होती. विजेच्या कारमध्ये सर्वांत महाग भाग बॅटरी, आणि तो ज्याच्या घरात बनतो त्याच्या हातात किंमत असते. मार्च २०२२ मध्ये त्यांनी फक्त पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या बंद केल्या. २०२४ मध्ये त्यांनी ४२ लाखांहून जास्त गाड्या विकल्या.

सरकारचा हात इथे मोठा होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २००९ पासून विजेच्या गाड्यांना अनुदान मिळालं, ते २०२२ च्या अखेरीस थांबलं. शांघायमध्ये पेट्रोल कारची नंबर प्लेट लिलावात ९० हजार युआनच्या आसपास जायची, तर विजेच्या कारला ती फुकट. २०१५ नंतर काही वर्षं कोरियन आणि जपानी कंपन्यांच्या बॅटऱ्यांना अनुदानाच्या यादीबाहेर ठेवलं गेलं, आणि त्या काळात सीएटीएलसारख्या घरच्या कंपन्या मोठ्या झाल्या. २०१६ मध्ये अनुदान लाटण्याचे प्रकारही उघड झाले. तरीही २०२३ मध्ये जपानला मागे टाकून चीन जगातला सर्वांत मोठा वाहन निर्यातदार झाला, ४९ लाख गाड्या. हे निव्वळ अनुदानावर होत नाही, कारण परदेशी ग्राहक गाडी बघून पैसे देतो.

आपल्याकडे याची झळ दोनदा जाणवली. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ग्रेट वॉल ही चिनी कार कंपनी घेणार असा करार जानेवारी २०२० मध्ये झाला. जूनमध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले, गुंतवणुकीची परवानगी अडली आणि २०२२ मध्ये करार संपुष्टात आला. तो कारखाना नंतर ह्युंदाईनं घेतला. त्या वेळी परवानगी न देणं मला योग्यच वाटलं, आजही वाटतं. दुसरी झळ एप्रिल २०२५ ची. चीननं विजेच्या मोटरला लागणाऱ्या दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आकुर्डीच्या चेतक या बजाजच्या विजेच्या स्कूटरच्या उत्पादनालाही कात्री लागली. बोटभर चुंबकासाठी अख्खी स्कूटर अडते, हे तेव्हा आमच्या भागातल्या सगळ्यांना कळलं.

आणि आता चीनमध्ये व्हिएतनामचंच नाटक पुन्हा, मोठ्या रंगमंचावर सुरू आहे. मे २०२५ मध्ये बीवायडीनं २२ मॉडेलांच्या किमती उतरवल्या, बाकीच्यांना मागे यावं लागलं. ग्रेट वॉलचे प्रमुख वेई जियानजुन यांनी जाहीरपणे इशारा दिला की या उद्योगात एक एव्हरग्रांड आधीच तयार आहे. एव्हरग्रांड म्हणजे कर्जात बुडालेली त्यांची ती महाकाय बांधकाम कंपनी. किंमत उतरली की बिल कोण भरतं? व्हेंडर. त्यांचे पैसे कित्येक महिने अडकायचे. शेवटी सरकारनं दट्ट्या लावल्यावर जूनमध्ये मोठ्या कंपन्यांनी ६० दिवसांत पैसे देण्याचं वचन दिलं. आपला कायदा छोट्या उद्योगांसाठी जास्तीत जास्त ४५ दिवस म्हणतो, आणि पंचेचाळिसाव्या दिवशी फोन करणं म्हणजे काय असतं ते मी जाणतो. त्यामुळे त्यांच्या विक्रीच्या आकड्यांपेक्षा ते ६० दिवस पाळले जातात का, याकडे माझं जास्त लक्ष आहे. २०११ मध्ये पाहिलेल्या त्या गल्लीतली शटर त्यावरच उघडी राहणार आहेत.

ते पश्चिम आफ्रिकेतून आलेलं इंजिन अजून माझ्या वर्कशॉपमध्ये रॅकच्या खालच्या कप्प्यात आहे. भोसरीला येणं झालं तर एखाद्या गुरुवारी या, गुरुवारी आमच्याकडे वीज बंद असते आणि मशीन थांबलेली असतात. मायक्रोमीटर घेऊन बसू आणि तुम्ही स्वतः मापं घ्या.