छोटं विमान माळरानावर उतरवताना चाक मोडलं, तर आतली माणसं वाचतात का? आणि त्या विमानाचं पुढे काय होतं?

वाचतात, वेग पुरेसा कमी असेल आणि समोर काही आडवं आलं नाही तर. मी ओझरजवळ राहतो, लहान विमानांच्या देखभालीत बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेस्ना 172 सारखं चार आसनांचं विमान घ्या. त्याची दोन मुख्य चाकं लवचिक पोलादी पायांवर असतात आणि ते पाय बराच मार सोसतात. पुढचं चाक मात्र जेमतेम 14 इंचांचं, आणि त्याचा पाय इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला जोडलेला. धावपट्टी सोडून उतरलं की बहुधा पहिला तोच जातो. आपल्या काळ्या रानाला मे महिन्यात केवढ्या भेगा पडतात ते तुम्ही पाहिलंच असेल. अशा भेगेत चाक अडकलं की पाय दुमडतो, प्रोपेलर मातीत घुसतो आणि वेग उरला असेल तर विमान नाकावरून पालथं पडतं.

म्हणून चाक मोडलं तर मोडू द्यावं, आधी वेग मारावा, असं माझं ठाम मत आहे. टेकताना ताशी 80 किलोमीटर वेग असेल आणि विमान 3 मीटरांत थांबलं, तर अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या साडेआठ पटींच्या आसपास झटका बसतो. तेच 10 मीटर घसरत थांबलं तर अडीच पट. मोडणारा पाय, चेपणारा पत्रा हे सगळं तो झटका स्वतः खात असतं. वाऱ्याला तोंड करून उतरलं तर आणखी फायदा: जमिनीवरचा वेग 90 चा 60 झाला, तर जिरवायची ऊर्जा निम्म्याहून कमी होते. खांद्यावरचा पट्टा घट्ट हवा आणि टेकण्याआधी दार किंचित उघडून ठेवलेलं हवं, कारण चौकट वाकली की दार अडकतं.

जागा निवडताना निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग सर्वांत फसवी. वरून हिरवीगार, सपाट दिसते. आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. सिन्नरकडच्या माळावर गवतात काळे दगड दडलेले असतात. त्यापेक्षा नुकतंच कापलेलं गव्हाचं रान बरं, आणि नांगरलेल्या रानातच उतरावं लागलं तर नांगराच्या तासांच्या, म्हणजे सऱ्यांच्या, दिशेनेच.

एक मुख्य चाक आधीच निकामी झालेलं असेल तर चांगल्या चाकावर टेकतात, दुसऱ्या बाजूचा पंख जमेल तितका वेळ वर धरून ठेवतात. वेग ओसरला की तो पडतोच आणि विमान त्या बाजूला गर्रकन फिरतं. पण तोवर बराच जोर जिरलेला असतो.

मला जास्त भीती न मोडलेल्या पायाची वाटते. खडबडीत जागी आपटून उतरलेलं विमान वरवर ठीक दिसतं, पण पायाला बारीक चीर गेलेली असू शकते. ती शोधायला पाय जोडणाऱ्या बोल्टाची जागा स्वच्छ करून लाल रंगाचं भेदक द्रव लावायचं, थोडा वेळ थांबून पुसायचं आणि पांढरी पूड फवारायची. चीर असेल तर त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटते. ती दिसली की तो भाग बाद. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर इंजिनही उघडून तपासावं लागतं, मग ते सुरळीत चालत का असेना.

राहिला विमानाचा प्रश्न. अपघात झाला की विमान अपघात अन्वेषण विभागाच्या परवानगीशिवाय ते हलवता येत नाही. अडकलेल्यांना बाहेर काढणं, आग विझवणं याला अर्थातच मुभा असते. परवानगी मिळाल्यावर सहसा पंख उतरवून ट्रकने नेतात. तुमच्याच शिवारात असं विमान उतरलं तर आधी माणसं बाहेर काढा आणि 112 ला फोन करा. इंधन पंखांतच भरलेलं असतं आणि ते पेट्रोलच असतं, त्यामुळे पालथ्या विमानाखाली ते ठिबकत राहतं. जमलेल्या गर्दीत कुणाला विडी-सिगारेट पेटवू देऊ नका.