हक्कसोड

प्रिय मनू,

परवा जेवताना तू विचारलंस, "अक्कात्यानं जमीन सोडली म्हणून तुम्हाला इथं येता आलं ना? मग 'मी शून्यातून वर आलो' असं का सांगता?" मी ताट घेऊन उठलो. राग आला नव्हता. म्हणजे, आला होता थोडासा.

तुमच्या शाळेत वारसा कराचा धडा झाला होता, ३,२५,००० पौंडांच्या वर ४० टक्के वगैरे. भारतात तसला कर १९८५ सालीच गेला. असता तरी आमच्या चार एकरांना कोण विचारत होतं! बार्शीकडची काळी जमीन. शाळू, हरभरा, आणि विहिरीला मार्चपर्यंत पाणी. शाळू हुरड्यात आला की मी नि अक्का पाखरं राखायला माळ्यावर. गोफण तिच्या हातात, कारण माझा दगड कुठंही जायचा. आलटून पालटून पाढे म्हणायचो, एकोणतीसच्या पाढ्यात मी अडकलो की ती पुढं म्हणायची. दहावीनंतर तिची शाळा सुटली. मला बार्शीत खोली मिळाली. तेव्हा यात काही खटकलं नाही, आमच्यात असंच असायचं.

१९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, देशाच्या कायद्याच्या अकरा वर्षं आधी. पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्यांना वगळलं. अक्काचं लग्न १९९२ चं. "तिचं आता काय राहिलंय इथं?" असं सगळेच म्हणायचे. तरी अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर त्यांच्या वाट्यात तिचा वाटा निघालाच. नसता, तर हक्कसोडीवर, म्हणजे वाटा सोडल्याच्या कागदावर, तिची सही कशाला लागली असती?

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत तिनं कडेवरचं पोर माझ्या मांडीवर दिलं, सावकाश नाव लिहिलं आणि अंगठ्याची शाई भिंतीला पुसली. ती भिंत आधीच शेकडो अंगठ्यांनी निळी झालेली. बाहेर आल्यावर आईनं तिला साडी घेतली. मी मनात दीड एकराचा भाव काढत होतो. त्याच पैशांत माझी फी भरली गेली.

आता माझी बाजू. वाटा मागितला की माहेर तुटतं, हे अक्काला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि जमीन मुलाला, कारण म्हातारपण त्याच्या गळ्यात, हे मलाही पटलेलं होतं. पण आईची शेवटची चार वर्षं अक्कानं काढली. मी दर रविवारी फोन करत होतो. इथं माझी बाजू संपते.

तू उठून गेल्यावर मी अक्काला फोन लावला. म्हटलं, राहिलेल्यातला सव्वा एकर तुझ्या नावावर करतो. ती आधी म्हणाली, "वहिनीला इचारलंस का?" मग म्हणाली, कागद कसला करायचा? वकिलानं सांगितलेलं नाव मी सांगितलं, बक्षीसपत्र. बराच वेळ हसली.

"माझंच मला बक्षीस व्हय रं?"

दिवाळीत जाणार आहे त्यासाठी. तुला यायचं असलं तर तिकीट काढतो. कचेरीत दिवसभर बाकावर बसावं लागतं आणि पंखा बहुतेक बंद असतो. नाही आलीस तरी चालेल.

तुझा,
बाबा