व्हिनेगरमधली वाइन कुठे गेली?

प्रश्न: माझी मुलगी फ्रेंच शिकतेय. परवा बाटली हातात घेऊन म्हणाली, आई, व्हिनेगर या शब्दातच वाइन आहे. हे खरं आहे का? मग सफरचंदाच्या व्हिनेगरलाही तेच नाव कसं काय? आणि मराठीत याला शब्दच नाही का?

उत्तर: मुलगी बरोबर बोलली हो, शाबासकी द्या तिला. जुन्या फ्रेंचमध्ये 'व्हँ' म्हणजे वाइन आणि 'एग्र' म्हणजे आंबट, झोंबणारं, दोन्ही जोडून झालं आंबट झालेली वाइन, आणि साधारण १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत शिरला, तिथून आपल्याकडे आला. गंमत म्हणजे एल नावाच्या बिअरपासून केलेल्या व्हिनेगरला इंग्रजीत वेगळा शब्द होता, 'अ‍ॅलेगर', पण तो मागे पडला आणि व्हिनेगर सगळ्यांनाच चिकटलं, सफरचंदाचं असो की तांदळाचं. यात चूक काहीच नाही. आपलं 'तेल' बघा ना, मूळ संस्कृत 'तैल', म्हणजे तिळाचं ते, आणि आपण बिनधास्त शेंगदाण्याचं तेल म्हणतो, खोबऱ्याचं म्हणतो, कोणाला तीळ आठवतही नाहीत.

आता वाइन जाते कुठे, तर वाइन उघडी राहिली की हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने काही बॅक्टेरिया त्यातल्या अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड करतात, तोच तो आंबटपणा. फिल्टर न केलेल्या बाटलीत कधी तरंगणारा बुळबुळीत पातळ पापुद्रा दिसतो बघा, तो या बॅक्टेरियांनीच विणलेला असतो, फ्रेंच लोक त्याला चक्क 'व्हिनेगरची आई' म्हणतात. हे काम सजीवांचं आहे हे लुई पाश्चरने १८६० च्या दशकात दाखवलं, पण शब्द त्याच्या कितीतरी आधीचा, म्हणजे कारण माहीत नसतानाही लोकांनी नाव अगदी अचूक ठेवलं, मला याचं फार कौतुक वाटतं.

अजून एक सांगायलाच हवं. 'एग्र' आला लॅटिनच्या 'आकेर'वरून, त्याचा अर्थ तीक्ष्ण, धारदार, आणि त्याच प्राचीन मुळातून संस्कृतात 'अश्रि' म्हणजे धार, कड, कोपरा हा शब्द आलाय. त्यावरून चतुरश्र, चार कडांचा, आणि त्याचाच झिजून आपला 'चौरस' झाला! म्हणजे वहीत काढलेला चौरस आणि बाटलीतलं व्हिनेगर लांबचे का होईना नातेवाईक आहेत.

आणि मराठी शब्द आहे की, शिरका. तो फारसीच्या 'सिर्का'वरून आला. संस्कृतात आंबवलेल्या आंबट द्रवाला 'शुक्त' म्हणायचे, पण तो आता आयुर्वेदाच्या पुस्तकांतच भेटतो. मी स्वतः शिरकाच म्हणते, एक अक्षर कमी आणि कानालाही बरं लागतं.