डोमेन पळवलंय? आधी फोन जर्मनीला, मग पत्र रजिस्ट्रारला

प्रश्न: कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वडिलांपासूनचं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. वेबसाइट करून देणाऱ्या मुलानं डॉट कॉम डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतलं. पैसे मात्र दरवर्षी आम्हीच भरले. गेल्या आठवड्यात त्याचं ईमेल हॅक झालं आणि डोमेन परदेशी रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या परदेशी कंपनीकडे गेलं. आमचे मेल बंद आहेत. जर्मनीच्या गिऱ्हाइकाला आमच्याच पत्त्यावरून बिल गेलंय. लेटरहेड तेच, जीएसटी नंबर तोच, फक्त बँक खातं दुसरं. डोमेन परत मिळेल का?

उत्तर: मिळू शकतं, पण वेळ घालवू नका. हे वाचून होताच जर्मनीला फोन लावा. मेल नको, मेल चोराच्या हातात आहे. पैसे सुटले असतील तर गिऱ्हाइकानं त्यांच्या बँकेला ताबडतोब रिकॉल, म्हणजे पैसे परत बोलावणं, मागायला सांगावं. खातं भारतातलं असेल तर तुम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा.

मग रजिस्ट्रार. इथे खरी अडचण आहे: त्यांच्या दप्तरी तुम्ही कोणीच नाही. शेत तुम्ही कसताय आणि सातबारावर नाव दुसऱ्याचं, तसा हा प्रकार. त्यामुळे त्या मुलाशी आत्ता भांडू नका, त्याला शेजारी बसवा. डॉट कॉमची बदली होताना जुना रजिस्ट्रार मालकाला मेल पाठवतो आणि पाच दिवसांत हरकत आली नाही, तर बदली पुढे जाते. चोरानं तो मेल वाचून पुसला असणार. मुलाच्या मेलची ट्रॅश आणि फिल्टर बघा. तुमचा पहिला पुरावा तिथे सापडण्याची शक्यता आहे.

तक्रार मुलाच्याच सहीनं जुन्या रजिस्ट्रारकडे जाऊ दे: बदली माझ्या संमतीशिवाय झाली, ती उलटवा, आणि नव्या रजिस्ट्रारच्या आणीबाणी संपर्काला (Transfer Emergency Action Contact) कळवा. आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार त्या संपर्कानं चार तासांत उत्तर द्यावंच लागतं, पण तो रस्ता रजिस्ट्रारलाच खुला आहे, तुम्हाआम्हाला नाही. म्हणून पत्रात त्याचा नावानिशी उल्लेख हवा. डोमेन आणखी पुढे सरकू नये म्हणून लॉकही मागा. नुसत्या विनंतीवर काम झालं नाही, तर जुना रजिस्ट्रार बारा महिन्यांच्या आत बदलीविरुद्ध रीतसर वाद दाखल करू शकतो.

सायबर पोलीस ठाण्यात तक्रार त्याच दिवशी द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 66, 66सी आणि 66डी इथे लागतात. तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो, म्हणून हवालदाराकडे जबाब देऊन घरी येऊ नका. स्क्रीनशॉट आणि मेलच्या संपूर्ण हेडरसोबत (मेल कुठून, कसा आला याची तांत्रिक नोंद) भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल.

दावाही करता येतो. डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सत्यम इन्फोवे खटल्यात 2004 मध्ये स्पष्ट केलंय. जिल्हा न्यायालयात तातडीचा मनाई हुकूम मागता येतो. पुढचं अपील ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्याच सर्किट बेंचपुढे जातं, त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेस धरावी लागत नाही. आम्हा वकिलांनी त्यासाठी किती वर्षं घासली! पण परदेशी रजिस्ट्रार इथला हुकूम मानेलच असं नाही. म्हणून रजिस्ट्रारला पत्र आधी, दावा नंतर.

डोमेन हाती आलं की लगेच मेलच्या सेटिंग्ज आणि फॉरवर्डिंग तपासा, नाहीतर चोर आत राहून वाचत बसेल. बँक, जीएसटी पोर्टल, आयात-निर्यात कोड, जिथे जिथे तो ईमेल दिलाय तिथले पासवर्ड बदला. मुलाकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या की डोमेन त्यानं तुमच्या वतीनं घेतलं होतं, आणि नोंद फर्मच्या नावावर करा. रजिस्ट्रारच्या खात्याला जो ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा नको. डोमेन गेलं की खात्याची किल्लीही जाते, आणि परत मागायला तुमच्याकडे पत्ताच उरत नाही. दुहेरी पडताळणी लावा; मिळत असेल तर रजिस्ट्री लॉक, म्हणजे रजिस्ट्रारच्याही वरच्या पातळीवरचं कुलूप, घ्या.

डोमेनचे पैसे भरल्याच्या पावत्या, बँक उतारे आणि त्या मुलाशी झालेले जुने मेल एका फाइलमध्ये लावून ठेवा. पत्राचा मसुदा करताना ती फाइल माझ्यासमोर हवी.